पहिला तास आणि पुढचे तीन दिवस

रोग्याला रुग्णालयाच्या दारी आणणारा आजार वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यासक्रम वाचून आलेला नसतो. तो औषधवैद्यकाच्या (मेडिसिनच्या) हद्दीत मोडतो की शल्यचिकित्सेच्या, आजचा आहे की वर्षानुवर्षे अंगात मुरलेला, याचा निवाडा आधी आणि उपचार मागाहून, हा क्रम कागदोपत्री कितीही सोयीचा असला, तरी धाप लागून निळा पडत चाललेल्या माणसापुढे तो टिकत नाही. आणि असे असूनही आपल्या सार्वजनिक रुग्णालयांची सारी मांडणी, त्यांचे विभाग, त्यांची मंजूर पदे, त्यांचे केसपेपर आणि त्यांचे हजेरीपट, याच क्रमाला प्रमाण मानून उभी आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यापुरते बोलायचे, तर या मांडणीत एका विशिष्ट प्रकारच्या डॉक्टरची उणीव आहे, आणि ती नव्या इमारतींनी भरून निघणारी नाही, असे माझे मत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांच्या अवधीत १८ रुग्ण दगावले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यावर चौकशी समिती नेमली गेली, आरोप-प्रत्यारोप झाले, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या; त्या वादात पुन्हा शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु त्या वेळी प्रशासनाने जो तपशील जाहीर केला, तो क्षोभ ओसरल्यावर सावकाश वाचण्याजोगा होता. मृतांत १० स्त्रिया आणि ८ पुरुष होते. १२ जणांनी वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. सहा ठाण्याचे, चार कल्याणचे, तीन शहापूरकडचे, आणि उरलेल्यांत भिवंडी-उल्हासनगरपासून गोवंडीपर्यंतचे लोक होते. आजारांच्या यादीत जुनाट मूत्रपिंडविकार होता, न्यूमोनिया होता, रॉकेलची विषबाधा होती आणि रस्त्यावरचा अपघातही होता. या यादीतला कोणता रोगी ‘तातडीचा’ आणि कोणता ‘मेडिसिनचा’? अपघाताचा निर्णय सोपा आहे. पण ज्याचे मूत्रपिंड दोन वर्षांपासून निकामी होत आले आहे आणि ज्याला काल रात्रीपासून न्यूमोनियाने घेरले आहे, त्या साठीच्या गृहस्थाला पहिल्या तासात प्राणवायू, योग्य प्रतिजैविक आणि बेताचे सलाईन देणारा हात जितका हवा, तितकेच त्याचे रक्तातील पोटॅशियम, त्याची जुनी औषधे आणि त्याचे डायलिसिस यांचा पुढील तीन दिवस हिशेब ठेवणारे डोकेही हवे. आणि हा हात व हे डोके एकाच माणसाचे असेल, तर मध्ये काही निसटण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

लोक ज्याला आजही ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, त्या विभागाचा शिरस्ता ज्यांनी रात्री अकरानंतर पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ड्युटीवरचा सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी, नाडी व रक्तदाब पाहतो, प्रकरण एमएलसीचे, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर, असेल तर पोलिसांना कळवतो, केसपेपरवर चार ओळी लिहितो आणि ‘मेडिसिनचा कॉल’ धाडतो. मेडिसिनचा निवासी डॉक्टर त्या वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्याच कोणाच्या उशाशी अडकलेला असतो. तो धावत येतो, रोग्याचे पोट दुखते आहे असे पाहून सर्जरीचे मत मागतो; सर्जरीचा निवासी डॉक्टर येऊन पोट तपासतो, रक्तातली साखर चारशेच्या वर आहे असे पाहून रोगी मेडिसिनकडे परत करतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. मधुमेह बिघडून रक्त आम्लधर्मी झाले की पोट दुखते, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक असते; पण दोघांपैकी कोणाच्याही नावावर तो रोगी अद्याप चढलेला नसतो, आणि ज्याच्या नावावर रोगी नाही, त्याला त्याच्यासाठी थांबण्याचा अधिकारही नसतो आणि सवडही नसते. यात कोणा एका डॉक्टरचा आळस शोधणे हा अन्याय होय. छत्तीस तास उभ्या असलेल्या त्या मुलांना दोष देऊन आपले नागरिकत्व सिद्ध होत नाही.

आपल्या पट्ट्यात यात रस्त्याची भर पडते. डोंबिवली पूर्वेतील एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्री जो आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) असतो, तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधर असतो. तो रोग्याला शास्त्रीनगर रुग्णालयात किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात नेण्याचा सल्ला देतो. तेथे अतिदक्षता विभागात जागा नसली की कळव्याला रवानगी होते, आणि कळव्याहून मुंबईतील शीव, परळ अथवा भायखळ्याच्या रुग्णालयांत. प्रत्येक मुक्कामी नवा केसपेपर निघतो आणि सुनेला किंवा मुलाला तीच हकिकत नव्याने सांगावी लागते. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक आणि ठाणे महापालिकेची १८ लाखांहून अधिक भरली होती. त्यानंतर शिळफाट्यापासून घोडबंदरपर्यंत किती मनोरे उभे राहिले, हे लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यास विचारावे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधून माणसे रुळांवर पडली आणि त्यांतील चौघे त्याच दिवशी मरण पावले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले. अशा प्रसंगी शल्यचिकित्सक व अस्थिरोगतज्ज्ञ हवेत, याविषयी दुमत नाही. परंतु स्फोट आणि अपघात हे वर्तमानपत्रात येतात; रोज रात्री येणारा हृदयविकार, अर्धांगवायू, दमा, डेंग्यू आणि मुरबाड-शहापूरकडचा सर्पदंश वर्तमानपत्रात येत नाही, आणि कॅज्युअल्टीतील खाटा अडतात त्या प्रामुख्याने यांनीच.

अमेरिकेत या प्रश्नाला जे उत्तर शोधले गेले, ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. तेथेही १९६० पर्यंत रुग्णालयाचा तातडीचा विभाग म्हणजे पाळीपाळीने कोणालाही बसवावे अशी जागा होती. १९६१ साली व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे चार डॉक्टरांनी आपला खासगी व्यवसाय सोडून तोच विभाग पूर्णवेळ सांभाळण्याचे पत्करले. १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले. आणि १९७९ साली आपत्कालीन वैद्यकास तेथे स्वतंत्र विशेषशाखेची मान्यता मिळाली. मान्यता मिळताच नवी भिंतही उभी राहिली: पहिले काही तास आपत्कालीन वैद्यकाचे, नंतरचे दिवस औषधवैद्यकाचे. या भिंतीला दार पाडण्याच्या हेतूने दोन्ही शाखांच्या प्रमाणन मंडळांनी मिळून पाच वर्षांचा एक संयुक्त निवासक्रम आखला. एरवी औषधवैद्यकास तीन वर्षे आणि आपत्कालीन वैद्यकास तीन किंवा चार वर्षे लागतात. संयुक्त क्रमात निवासी डॉक्टर दर काही महिन्यांनी एका विभागातून दुसऱ्यात जातो, दोन्हीकडच्या रात्री काढतो, आणि अखेरीस दोन्ही मंडळांच्या परीक्षांना बसण्यास पात्र ठरतो. एक वर्ष आणखी घालून अतिदक्षता वैद्यकाचीही जोड देणारा सहा वर्षांचा मार्ग तेथे आहे. डेट्रॉइटचे हेन्री फोर्ड रुग्णालय किंवा बाल्टिमोरचे मेरीलँड विद्यापीठ अशा मोजक्याच ठिकाणी हे शिक्षण मिळते आणि त्याच्या जागा फार थोड्या असतात. म्हणजे अमेरिकेतही हा राजमार्ग नव्हे.

आपल्याकडे काय झाले? भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषयाची मान्यता दिली ती २००९ साली. त्याच्या तेरा वर्षे आधी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका खटल्यात दिलेला निकाल कल्याणच्या फलाटावर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ साली मथुरापूर स्थानकात गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले, आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात पदरच्या पैशाने उपचार घ्यावे लागले. तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा भंग होय, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि त्याला २५ हजार रुपयांची भरपाई देवविली. निकाल झाला, निकाल अमलात आणणारा डॉक्टर कोण, हे मात्र कोणी ठरवले नाही. परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२० च्या नियमांत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास आपत्कालीन वैद्यकाचा विभाग सक्तीचा केला गेला. २०२३ च्या मानकांत तो सक्तीच्या विभागांच्या यादीतून गळला. तीन वर्षांत धोरणाने असा पलटा खाल्ल्यावर विशीतल्या विद्यार्थ्याने या शाखेवर आपले आयुष्य कोणत्या भरवशावर लावावे, हा प्रश्न दिल्लीत बसणाऱ्यांना सुचला असेल असे वाटत नाही.

औषधवैद्यक आणि आपत्कालीन वैद्यक या दोन्ही विद्यांचा संगम परका आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७६ पासून कोकणातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता विंचूदंशाने माणसे हृदय व फुप्फुस निकामी होऊन मरताना त्यांनी पाहिली. रात्र-रात्र रोग्याच्या शेजारी बसून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली. पुढे औषधवैद्यकात एम.डी. केले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या औषधाने तेच मृत्यू टळतात हे दाखवून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे महत्त्वाची गोष्ट पदकाची नाही. पहिल्या तासातला वैद्य आणि तिसऱ्या दिवसाचा वैद्य एकच असल्यामुळे त्यांना जे दिसले, ते दोन पाळ्यांत वाटल्या गेलेल्या डोळ्यांना दिसले नसते. रोगी दाखल करून मोकळा होणारा डॉक्टर आपल्या निर्णयाचे फळ पाहत नाही, आणि दाखल झालेला रोगीच तेवढा पाहणारा डॉक्टर त्या निर्णयाची निकड जाणत नाही. पाच वर्षांच्या संयुक्त शिक्षणाचा खरा लाभ मला येथे दिसतो. नावापुढे दोन पदव्या लागणे ही त्यातली गौण बाब आहे.

याविरुद्ध जे बोलले जाते, त्यात तथ्य नाही असे नाही. दोन्हींत अर्धा, कशातच पुरा नाही, अशी टीका ज्येष्ठ फिजिशियन करतात; ती मला फारशी पटत नाही, कारण परीक्षा दोन्हीकडच्या पुऱ्याच द्याव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाच वर्षे दोन विभागांत घालवलेल्या डॉक्टरांपैकी अनेकांना पुढे नोकरी एकाच विभागात करावी लागते, कारण वेतन देणारे खाते एकच असते आणि पाळ्यांचे तक्तेही एकाच विभागप्रमुखाच्या हाती असतात. अमेरिकेतही हे घडते. मग उरलेली विद्या वाया गेली, असे म्हणता येईल. मी तसे म्हणणार नाही, पण आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवलेल्या बापाने तसे म्हटले, तर त्याला खोडून काढण्याइतका निर्विवाद पुरावाही माझ्या हाती नाही. तिसरी गोष्ट शरीराची. आपत्कालीन वैद्यकात रात्रीच्या पाळ्या आयुष्यभर संपत नाहीत. पंचेचाळिशीनंतर त्या झेपत नाहीत, आणि तेव्हा हाताशी औषधवैद्यक असणे हा संयुक्त शिक्षणाचा एक व्यावहारिक, थोडासा स्वार्थी, पण अगदी योग्य असा लाभ आहे.

आजच्या घडीला महाराष्ट्रातील मुलास हे दोन्ही विषय शिकायचे झाल्यास नीट-पीजीची दोनदा पायरी चढून तीन-तीन वर्षांच्या दोन स्वतंत्र पदव्या घ्याव्या लागतील. शिवाय शासकीय सेवेचे बंधपत्र आहेच. एकत्रित क्रमाची कल्पनाच आपल्या नियमकर्त्यांना अपरिचित आहे असे नव्हे. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांत मेंदूशल्यचिकित्सेसारखी अतिविशेष पदवी देण्याची सोय राष्ट्रीय परीक्षा मंडळाने केव्हाच केलेली आहे. म्हणजे पायऱ्या एकावर एक रचून जोडण्याची आपल्याला मुभा आहे. शेजारच्या दोन खोल्यांमधले दार उघडण्याची नाही. परदेशाहून परतणाऱ्याचीही गत हीच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील पदव्युत्तर अर्हतांना भारताने २००८ पासून मान्यता दिली आहे, आणि जे-१ व्हिसावर अमेरिकेत निवासी प्रशिक्षण घेणाऱ्यास सूट न मिळाल्यास दोन वर्षे मायदेशी परतणे भाग असते. तेव्हा दोन्ही मंडळांचे प्रमाणपत्र घेतलेला एखादा ठाण्याचा तरुण उद्या परत येऊ शकेल. तो कोणत्या पदावर रुजू होईल? सहायक प्राध्यापक, औषधवैद्यक. किंवा सहायक प्राध्यापक, आपत्कालीन वैद्यक. दोहोंपैकी एका रकान्यात नाव लिहिल्याशिवाय लेखा विभाग त्याचे पहिले वेतन काढणार नाही. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या, तेव्हा कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाने स्त्रियांच्या कक्षाची जागा त्यांच्यासाठी आधीच मुक्रर करून ठेवली होती. नियतीने त्यांना तेथे पोहोचू दिले नाही, ही गोष्ट निराळी. एका संस्थानाच्या दरबाराला जे सुचले, ते आपल्या महापालिकांच्या आस्थापना विभागाला सुचायला हरकत नाही.

म्हणून माझा आग्रह पदवीआधी पदाचा आहे. पदवीचा निर्णय दिल्लीचा. पदाची तजवीज येथल्या येथे होऊ शकते. महापालिकेचा पदांचा आकृतिबंध शासनाकडून मंजूर करून घ्यावा लागतो हे खरे, परंतु तेथे जाणारा मसुदा तयार होतो तो ठाण्यात आणि कल्याणातच. त्या मसुद्यात कळव्याच्या रुग्णालयासाठी एक लहानसा, वीस-पंचवीस खाटांचा तातडीचा औषधवैद्यक कक्ष मागावा, जेथे कॅज्युअल्टीतून दाखल झालेला रोगी पहिले ७२ तास राहील. आणि त्या कक्षाचे डॉक्टर खाली कॅज्युअल्टीतही पाळ्या करतील, अशी अट त्यांच्या नेमणुकीच्या हुकुमातच घालावी. ब्रिटनने अशाच कक्षांच्या आधाराने तातडीच्या औषधवैद्यकाची वेगळी शाखा वाढवली. तेथे आधी कक्ष निघाले आणि मान्यता मागाहून आली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला फेलोशिपचे अभ्यासक्रम चालवण्याचा अधिकार आहे, औषधवैद्यकाच्या एम.डी.स एक वर्ष आपत्कालीन विभागात आणि आपत्कालीन वैद्यकाच्या एम.डी.स एक वर्ष औषधवैद्यकात, असा दुतर्फा अभ्यासक्रम त्याला आखता येईल. तो पाच वर्षांच्या संयुक्त शिक्षणाची बरोबरी करणार नाही, परंतु त्यातून पहिले शिक्षक तयार होतील. आणि शिक्षक नसतील तर दिल्लीने उद्या संयुक्त पदवी मंजूर केली, तरी ती शिकवणार कोण?

रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर या रुग्णालयांत असा कक्ष लगेच उभा राहणे कठीण आहे. तेथे तज्ज्ञांच्या जागा भरण्याचीच ओढाताण असते. पण कळव्याचे निवासी डॉक्टर तीन महिन्यांच्या पाळीने तेथे पाठवता आले, तर कळव्याला रेफर होणाऱ्यांपैकी काहींना रेफर करण्याची गरज उरणार नाही आणि ज्यांना उरेल, त्यांच्याबरोबर जाणारी चिठ्ठी निदान वाचता येईल अशी असेल. २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेने राज्यभर ९३७ रुग्णवाहिका दिल्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या होत्या आणि प्रत्येकीत डॉक्टर नेमला. चालत्या गाडीत डॉक्टर असावा ही तरतूद करणाऱ्या शासनाला, गाडी जेथे थांबते तेथेही रोगी स्वतःच्या नावावर घेणारा डॉक्टर असावा, ही गोष्ट खर्चाची म्हणून नाकारता येणार नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हा मार्ग खुणावतो, त्यांनी मात्र डोळे उघडे ठेवून त्यात शिरावे. खासगी रुग्णालयांत परदेशी विद्यापीठांच्या नावाने तातडीच्या वैद्यकाची जी प्रमाणपत्रे दिली जातात, त्यांतील काहींचे शिक्षण चांगले असते, पण वैद्यक आयोगाची मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर शासकीय महाविद्यालयात शिक्षकाची जागा मिळत नाही. शुल्क भरण्यापूर्वी ही एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी. आज उपलब्ध असलेल्या वाटांपैकी मला विचारले, तर औषधवैद्यक किंवा आपत्कालीन वैद्यक यांपैकी एकात एम.डी. करून पुढे अतिदक्षता वैद्यकाकडे वळणे ही वाट संयुक्त शिक्षणाच्या सर्वांत जवळ जाते. ती लांबची आहे आणि तिच्या शेवटी पोहोचलेल्या बहुतेक डॉक्टरांना काचेआडचा अतिदक्षता विभाग मिळतो, कॅज्युअल्टीचा दरवाजा मिळत नाही. कळव्याच्या आस्थापनेवर तो दरवाजा आणि तो कक्ष मिळून एक पद निर्माण झाले, तर त्याच्या जाहिरातीला पहिल्या वर्षी कदाचित एकच अर्ज येईल. तो एक अर्ज ‘अर्हता सेवाप्रवेश नियमांत बसत नाही’ असा शेरा मारून परत जाऊ नये, एवढ्यासाठी नियमातील ती एक ओळ जाहिरातीच्या आधी बदलून घ्यावी.